समालोचक कुणाच्या बाजूचा?

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीनं शहाड सोडलं की पुढचं स्टेशन आंबिवली. इथून जवळच मोहन्याला एन.आर.सी.चा, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना होता. २००९ साली तो बंद पडला. पण आमच्या लहानपणी त्याच्या पाळ्यांवर सगळ्या गावाचं घड्याळ चालायचं. कामाला आलेली माणसं ठिकठिकाणची होती. कुणी कोकणातलं, कुणी घाटावरचं, कुणी गिरगाव-परळची खोली सोडून इकडे आलेलं. आमच्या शेजारी एका बाजूला पुण्याकडचे काका आणि दुसऱ्या बाजूला गिरगावातले काका राहत. दोघांत मिळून एकच ट्रान्झिस्टर चालू असे, कारण दुसऱ्याच्या बॅटऱ्या नेहमीच संपलेल्या असत.

रणजी करंडकाच्या स्पर्धेत मुंबईचा संघ वेगळा आणि महाराष्ट्राचा वेगळा. महाराष्ट्राचं मुख्य ठाणं पुणे. त्यामुळे मुंबई विरुद्ध महाराष्ट्र असा सामना लागला की आमच्या गॅलरीत मराठी समालोचन ऐकायला गर्दी होई. आणि दर सामन्याला एकच भांडण.

"अहो, हा बोलणारा तुमच्याकडचाच दिसतोय," गिरगावातले काका म्हणत.

"आमच्याकडचा? मुंबईची एक धाव झाली तरी ह्याला उमाळा येतो!" पुण्याकडचे काका उसळत.

ट्रान्झिस्टर एक, आवाज एक, शब्दही तेच. मग समालोचक एकाच वेळी दोन्हीकडचा शत्रू कसा? मला तेव्हा वाटे, दोघांपैकी एक काका खोटं बोलत असावेत. पुढे शिक्षकाची नोकरी लागली, विज्ञान शिकवायला लागलो, आणि कळलं की ह्या भांडणाचा चांगला साठ-सत्तर वर्षांचा अभ्यास झालेला आहे. दोघंही खोटं बोलत नव्हते. पण म्हणून दोघंही बरोबर होते असंही नाही. गंमत इथेच आहे.

आधी थोडं मुंबईबद्दल. मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. १९३४ साली या शहरात चौरंगी स्पर्धेतल्या पारशी विरुद्ध मुसलमान या सामन्याचं धावतं वर्णन प्रसारित झालं. बोलणारे होते ए. एफ. एस. तल्यारखान, ज्यांना सगळे 'बॉबी' म्हणत. भारतातल्या क्रिकेट समालोचनाची सुरुवात म्हणून या सामन्याचा उल्लेख होतो. तल्यारखान दिवसभर एकटे बोलत. दुसऱ्या कुणाबरोबर मायक्रोफोन वाटून घेणं त्यांना मान्य नव्हतं. वेस्ट इंडीजचा संघ १९४८-४९ मध्ये आला तेव्हा रेडिओनं एकापेक्षा अधिक समालोचक नेमायचं ठरवलं, आणि ते बाजूला झाले.

ही एकट्या आवाजाची गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मैदानावर बसलेला माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि न पटलं तर पंचाला शिव्या देतो. रेडिओ ऐकणाऱ्याकडे मात्र डोळे नाहीत. त्याचं सगळं मैदान एका माणसाच्या तोंडातून येतं. शिवाय त्या स्पर्धेतले संघ कोण, तर युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान आणि १९३७ पासून 'शेष' म्हणून उरलेले सगळे. स्पर्धा तेव्हा चौरंगीची पंचरंगी झाली.

एक उदाहरण घेऊ. डिसेंबर १९४३ मधली हिंदू विरुद्ध शेष ही ब्रेबॉर्न स्टेडियमवरची अंतिम लढत. हिंदूंच्या डावात विजय मर्चंट नाबाद २५०. नंतर शेष संघावर फॉलोऑन आला आणि दुसऱ्या डावात सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी ३०९ धावा केल्या. संघाच्या एकूण धावा ३८७! त्यात भाऊ विवेकबरोबर ३०० धावांची भागीदारी, आणि तिच्यात विवेकचा वाटा फक्त २१ धावांचा. तरीही शेष संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. आता हा सामना कसा सांगायचा? हिंदूंच्या मोठ्या विजयाचा, की एका माणसाच्या झुंजीचा? दोन्ही सांगणी खरी आहेत. पण समालोचकाला एका वेळी एकच वाक्य बोलता येतं, आणि त्यानं कुठलंही बोललं तरी श्रोत्यांपैकी निम्म्यांना दुसरं हवं असतं.

अशा जातीधर्मावर उभ्या असलेल्या स्पर्धेला विरोध वाढत होता. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी सल्ल्यासाठी वर्ध्याला गांधीजींकडे गेली. गांधीजींच्या म्हणण्याचा आशय असा होता की महाविद्यालयांमधले किंवा संस्थांमधले सामने मी समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी, हे मला कधी कळलेलं नाही. पुढे १९४६ नंतर ती स्पर्धा बंद झाली, आणि ते योग्यच झालं.

महाविद्यालयांचे सामने निरुपद्रवी असतात, असा समज मात्र फार काळ टिकण्यासारखा नव्हता. त्यानंतर पाचच वर्षांनी, अमेरिकेत, दोन महाविद्यालयांच्याच सामन्यानं आमच्या गॅलरीतलं भांडण शास्त्रज्ञांच्या टेबलावर आणलं.

नोव्हेंबर १९५१. प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन नामवंत शिक्षणसंस्थांमधला अमेरिकन फुटबॉलचा सामना. हा खेळ आपल्या फुटबॉलसारखा नसतो. त्यात धरणं, पाडणं, ढकलणं असतं, त्यामुळे डोळ्यांपुढे कबड्डी आणली तर जास्त जवळ जाल. प्रिन्स्टनचा संघ त्या हंगामात एकही सामना हरला नव्हता. त्यांचा डिक कॅझमायर हा खेळाडू इतका गाजलेला की काही दिवसांपूर्वीच 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला होता. सामन्याच्या दुसऱ्याच सत्रात त्याचं नाक मोडलं आणि त्याला बाहेर जावं लागलं. तिसऱ्या सत्रात डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. हाणामारीचा खेळ झाला. प्रिन्स्टननं सामना १३-० असा जिंकला.

त्यानंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रांत युद्ध पेटलं. प्रिन्स्टनच्या पत्राच्या मते डार्टमथनं मुद्दाम कॅझमायरला जायबंदी केलं. डार्टमथच्या पत्राच्या मते प्रिन्स्टनचे लोक आपला लाडका खेळाडू जखमी झाल्याचं भांडवल करत होते आणि खरी सूडबुद्धी त्यांच्याच मनात होती. दोन गावांतल्या माणसांनी दोन वेगळे सामने पाहिले होते, असं वाटावं.

डार्टमथचे अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि प्रिन्स्टनचे हॅडली कँट्रिल हे दोघे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी ठरवलं, वाटायचं ते वाटू दे, आपण मोजू. आठवड्याभरानं त्यांनी दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. धसमुसळेपणा कुणी सुरू केला? प्रिन्स्टनच्या ८६ टक्के मुलांनी उत्तर दिलं, डार्टमथनं. डार्टमथच्या ३६ टक्के मुलांनीही तेच सांगितलं, पण ५३ टक्के म्हणाले की दोघांनीही.

इथपर्यंत आपण म्हणू, ठीक आहे, आठवणीत माणूस तिखटमीठ घालतो. म्हणून त्यांनी पुढची पायरी घेतली, आणि हीच खरी प्रयोगाची पायरी. सामन्याची फिल्म उपलब्ध होती. तीच फिल्म दोन्ही ठिकाणच्या सुमारे पन्नास-पन्नास विद्यार्थ्यांना दाखवली आणि सांगितलं, नियमभंग दिसला की तिथल्या तिथे नोंदवा. आता आठवणीचा प्रश्न नाही, डोळ्यांसमोर चित्र आहे.

डार्टमथच्या संघाचे नियमभंग प्रिन्स्टनच्या मुलांना सरासरी ९.८ दिसले आणि डार्टमथच्या मुलांना ४.३. एकाच फिल्ममध्ये दुपटीहून जास्त फरक!

हा प्रयोग १९५४ साली प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत आहे. पण तो सांगताना बहुतेक जण एक आकडा गाळतात. प्रिन्स्टनच्या संघाचे नियमभंग किती? प्रिन्स्टनच्या मुलांना ४.२ दिसले, डार्टमथच्या मुलांना ४.४. म्हणजे तिथे जवळपास एकमत! सगळा मतभेद होता तो डार्टमथच्या खेळाबद्दल. शिवाय मैदानावरच्या पंचांनी डार्टमथला एकूण ७० यार्डांचा दंड केला होता आणि प्रिन्स्टनला २५ यार्डांचा. तेव्हा 'दोघंही आंधळे, दोघंही सारखेच चुकले' असं या प्रयोगातून निघत नाही. तसं सांगणं सोपं आणि न्यायाचं वाटतं खरं, पण आकडे ते सांगत नाहीत. हे वर्गात सांगताना मी स्वतः पूर्वी चुकलो आहे, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

त्याच निबंधात एक हकिगत आहे. डार्टमथच्या एका माजी विद्यार्थ्याकडे, दूरच्या गावी, फिल्मची प्रत पाठवली गेली. तिथल्या माजी विद्यार्थ्यांना ती दाखवायची होती. त्यानं आधी पाहून घेतली आणि तार केली की फिल्ममधले महत्त्वाचे भाग कापलेले दिसतात, तेवढे विमानटपालानं पाठवा, जोडायचं यंत्र आमच्याकडे आहे. फिल्म पूर्णच होती. ज्या नियमभंगांचा एवढा गाजावाजा ऐकला होता, ते त्याला त्यात सापडेनात.

आता सामना सोडून सांगणाऱ्याकडे येऊ. खेळाडूंबद्दल असं होतं, मग समालोचकाबद्दल, वार्ताहराबद्दल काय होत असेल? हा प्रश्न १९८५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात व्हॅलोन, रॉस आणि लेपर या तिघांनी हाताळला. विषय खेळाचा नव्हता, फार दुःखाचा होता. १९८२ साली बैरूतमधल्या निर्वासित छावण्यांत झालेल्या हत्याकांडाच्या, अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या बातम्या. त्याच बातम्यांचे तेच तुकडे इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवले. इस्रायलच्या बाजूच्यांना बातम्या इस्रायलविरोधी वाटल्या, अरबांच्या बाजूच्यांना अरबविरोधी. मोजायला सांगितलं तर प्रत्येक गटाला आपल्याविरुद्धचे उल्लेख जास्त सापडले. प्रत्येक गटाला असंही वाटलं की तटस्थ माणसानं हे पाहिलं तर तो आमच्याविरुद्ध जाईल. आणि ज्यांना विषयाची माहिती जास्त, त्यांना पक्षपातही जास्त दिसला. 'नीट माहिती द्या म्हणजे गैरसमज जातील' या आपल्या शिक्षकी विश्वासाला हा जरा धक्काच आहे.

पुढे २००३ मध्ये आर्पन आणि रेनी यांनी हाच प्रश्न पुन्हा महाविद्यालयीन फुटबॉलवर आणून ठेवला. सुमारे दोनशे जणांना त्यांच्या गावच्या संघाबद्दलची एक तोलून लिहिलेली बातमी वाचायला दिली. मजकूर सगळ्यांना सारखा, फक्त वर्तमानपत्राचं नाव बदललेलं. काहींना आपल्या गावचं, काहींना प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या गावचं, काहींना तिसऱ्याच गावचं. नाव बदलताच दिसणाऱ्या पक्षपाताचं मापही बदललं. गिरगावातल्या काकांना 'हा तुमच्याकडचाच दिसतोय' हे आधी ठरवावं का लागे, ते इथे समजतं.

पण असं होतं कसं? तीन शक्यता सुचतात. एक, आपल्याविरुद्धची वाक्यं तेवढी लक्षात राहतात. दोन, वाक्यं सगळी लक्षात राहतात, पण आपली बाजूच सत्य असल्यानं दुसऱ्या बाजूला दिलेला वेळ म्हणजेच अन्याय वाटतो. तीन, एकच वाक्य दोघं वेगवेगळ्या खणात टाकतात. श्मिट, गुंथर आणि लीबहार्ट यांनी २००४ मध्ये जनुकीय बदल केलेल्या अन्नाच्या वादावर तिन्ही शक्यता तपासल्या. टिकली ती तिसरी. क्रिकेटमधलं उदाहरण मी माझ्या मनानं देतो. 'फलंदाज थोडक्यात वाचला.' हे वाक्य कुणाच्या बाजूचं? फलंदाजाचा पाठीराखा म्हणतो, बघा, नशिबानं वाचला म्हणतोय, कौशल्य दिसतच नाही याला. गोलंदाजाचा पाठीराखा म्हणतो, इतका सुंदर चेंडू टाकला आणि हा फलंदाजाच्या वाचण्याचं कौतुक करतोय.

त्याच साली गुंथर आणि श्मिट यांचा आणखी एक प्रयोग आला. तो मला शिक्षक म्हणून सगळ्यात जास्त आवडतो. एकच मजकूर काहींना वर्तमानपत्रातला लेख म्हणून दिला आणि काहींना एका विद्यार्थ्याचा निबंध म्हणून. लेख म्हणून वाचणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांना तो आपल्याविरुद्ध वाटला. निबंध म्हणून वाचणाऱ्यांचा तो राग दिसेनासा झाला. वहीतला निबंध गुरुजींशिवाय कोण वाचणार? लेख मात्र हजारो वाचणार. म्हणजे आपण ऐकताना एकटे ऐकत नसतो. हे ऐकून बाकीच्यांचं आपल्याबद्दल काय मत होईल, या धास्तीचे कान लावून ऐकतो. आमच्या गॅलरीत दोन्ही काकांचा आवाज गर्दी असली की का चढायचा, त्याचा उलगडा मला हा प्रयोग वाचून झाला.

तर मग पक्षपाताची प्रत्येक तक्रार मनाचाच खेळ समजायची का? मुळीच नाही. पंचांच्या बाबतीत ती तक्रार खरी ठरली आहे. पूर्वी कसोटी सामन्यात दोन्ही पंच यजमान देशाचे असत आणि पाहुणा संघ हमखास कुरकुर करे. १९८६ मध्ये पाकिस्ताननं वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीला भारतातले दोन पंच बोलावले. एक व्ही. के. रामस्वामी आणि दुसरे पिलू रिपोर्टर, जे आपल्या ठाण्यातच राहत आणि २०२३ मध्ये ठाण्यातच वारले. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक पंच तिसऱ्या देशाचा आणि २००२ पासून दोघंही, असा नियम झाला. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, तो काही काळ बाजूला ठेवावा लागला. संशोधकांच्या दृष्टीनं ही आयती प्रयोगशाळाच. खेळ तोच, नियम तेच, फक्त पंचांचा देश बदलत गेला. साचेती, ग्रेगरी-स्मिथ आणि पेटन यांनी १९८६ ते २०१२ मधल्या एक हजार कसोटी सामन्यांतले पायचीतचे निर्णय तपासले आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. दोन्ही पंच यजमान देशाचे असताना पाहुण्या फलंदाजांना सुमारे १६ टक्के जास्त वेळा पायचीत दिलं गेलं होतं. एक पंच तटस्थ असताना फरक १० टक्क्यांवर आला. दोन्ही तटस्थ असताना तो दिसेनासा झाला. याचा अर्थ ते पंच अप्रामाणिक होते असा घ्यायचं कारण नाही. इंग्लंडमधल्या एका प्रयोगात ४० फुटबॉल पंचांना एकाच सामन्यातले ४७ प्रसंग पडद्यावर दाखवले होते, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी नियमभंग दिले. गर्दीचा गलका पंचाच्याही कानातून आत जातोच.

काकांची कुरकुर आणि पायचीतचा हा हिशोब यांत फरक कशाचा? काका स्वतः वादी, स्वतः साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश होते. पायचीतच्या हिशोबात मोजणारे वेगळे होते, आणि तुलनेला दुसरी परिस्थितीही होती.

हे मला वर्गात वापरायची वेळ आली ती अचानक. आमच्या शाळेत आठवीच्या 'अ' आणि 'ब' तुकडीचा कबड्डीचा सामना होता. लाउडस्पीकरवर समालोचन करायला 'अ' तुकडीतली एक मुलगी पुढे आली. छान बोलली. सामना संपल्यावर 'ब'ची मुलं आली, 'सर, ती त्यांचीच बाजू घेत होती.' पाठोपाठ 'अ'ची मुलं आली, 'सर, पक्षपाती दिसू नये म्हणून तिनं ब-चंच कौतुक केलं.' मुलीचे डोळे भरले. पुढच्या सामन्याला मी माइक घेणार नाही, म्हणाली.

एका सहकाऱ्यानं समालोचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलं होतं. आम्ही ठरवलं, यातलं वाक्यन् वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं, संघांच्या आणि खेळाडूंच्या नावांऐवजी 'क' आणि 'ख' घालायचं, आणि ज्यांचा सामन्याशी संबंध नाही त्या नववीच्या मुलांना चिठ्ठ्या वाटायला द्यायच्या. 'क'च्या बाजूची, 'ख'च्या बाजूची आणि सांगता येत नाही, अशा तीन ढिगांत. पक्षपात म्हणजे काय, हे आधी फळ्यावर लिहून घ्यायला हवं होतं. ते राहिलं, आणि 'थोडक्यात सुटला' या वाक्यावरच नववीचा अर्धा तास गेला. शेवटी सर्वांत उंच ढीग झाला तो 'सांगता येत नाही' हाच.

पण खरी गोष्ट सापडली ती त्याआधी, चिठ्ठ्या लिहिताना. 'अ'च्या वाक्यांतली नावं बदलून बदलून मुलांचे हात दुखले. 'ब'च्या वाक्यांत बदलायला नावंच नव्हती. तिथे प्रत्येक वेळी 'त्यांचा खेळाडू', 'पलीकडचा गडी'. दोन्ही तुकड्यांनी एवढ्या तक्रारी केल्या, त्यांत ही कुणीच केली नव्हती. त्या मुलीला विचारलं तर ती गोंधळून म्हणाली, "सर, मला ब-मधल्या मुलांची नावंच माहीत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती वही घेऊन 'ब'च्या वर्गाच्या दारात उभी होती, आणि आतली मुलं ओरडून ओरडून तिला आपापली नावं सांगत होती.